'मेड इन जपान' : दुरुस्त न केलेली मैफल

डीप पर्पल या इंग्रज बँडच्या 'मेड इन जपान' या रेकॉर्डशी माझी ओळख साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर झाली, आणि त्या कॅसेटने मला चांगलेच फसवले होते, हे आधीच सांगून टाकतो. मूळ रेकॉर्ड दोन तबकड्यांची, चार बाजूंची, एकूण सुमारे ७६ मिनिटांची. वसतिगृहातल्या एका मित्राने ती साठ मिनिटांत कोंबली होती. त्यामुळे पहिल्या बाजूवर 'द म्यूल' मधला ड्रम सोलो रंगात यायच्या आत टेपरेकॉर्डरचे बटण खट्कन वर यायचे, आणि दुसऱ्या बाजूवर 'स्पेस ट्रकिन' हे वीस मिनिटांचे गाणे जवळजवळ मध्यावर तुटायचे. हे लोक गाणे असेच अर्धवट टाकून रंगमंचावरून निघून जात असावेत, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. रॉक संगीताबद्दल आमच्या घरात जे बोलले जायचे ते ऐकता त्यात अशक्य असे काही वाटतही नव्हते.

पुढे मी स्वतः काही वर्षे मैफलींची ध्वनिमुद्रणे केली, आणि तेव्हापासून या रेकॉर्डकडे चाहता म्हणून पाहण्यापेक्षा त्या कामातला माणूस म्हणून पाहण्याची सवय लागली. प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण म्हणजे नेमके कशाचे ध्वनिमुद्रण, हा माझा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला हाताशी इतके सोयीचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

काळ १९७२ च्या ऑगस्टचा. बँडमध्ये पाच जण होते : गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, हॅमंड ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेस गिटारवर रॉजर ग्लोवर आणि ड्रम्सवर इयन पेस. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची 'मशीन हेड' ही रेकॉर्ड बाजारात आली होती. ती रेकॉर्ड करायला हे लोक डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी गेले, तेव्हा ज्या कसिनोत ध्वनिमुद्रण व्हायचे होते तोच फ्रँक झापा या अमेरिकन संगीतकाराच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीत भस्मसात झाला. सरोवरावर पसरलेल्या त्या धुरातून 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणे निघाले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. जपानमध्ये वाजवलेल्या आणि रेकॉर्डवर आलेल्या सातपैकी चार गाणी 'मशीन हेड'चीच होती. म्हणजे ओसाकाच्या श्रोत्यांसमोर ती आली तेव्हा जेमतेम काही महिन्यांची होती, आणि रोज रात्री वाजवून वाजवून ती हळूहळू मोठी होत चालली होती.

या बँडला प्रत्यक्ष कार्यक्रमाची रेकॉर्ड काढण्याची हौस नव्हती. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मनिक वाद्यवृंदाबरोबर सादर केलेली लॉर्डची रचना ध्वनिमुद्रित झाली होती, परंतु ती गोष्ट वेगळी होती. नेहमीच्या कार्यक्रमात सभागृहात जे घडते ते टेपवर उतरत नाही, असे त्यांचे मत होते. दुसरीकडे त्यांच्या कार्यक्रमांच्या चोरट्या रेकॉर्ड बाजारात फिरत होत्या, आणि जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीला तिथल्या श्रोत्यांसाठी या दौऱ्याची रेकॉर्ड हवी होती. शेवटी बँडने होकार दिला, तो अटी घालून : ध्वनिमुद्रणाची सूत्रे त्यांच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डही ज्याने केल्या होत्या त्या मार्टिन बर्चच्याच हाती राहतील, आणि टेपचे पुढे काय करायचे ते बँड ठरवील. या सगळ्या खटाटोपाला सुमारे ३,००० डॉलर खर्च आला, असा आकडा पुढे वारंवार सांगितला गेला. त्या काळच्या मोठ्या बँडच्या हिशेबात ही रक्कम चहापाण्याची म्हणावी अशीच होती. तीन कार्यक्रम टेपवर घेतले गेले : १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकानमध्ये.

आता थोडे तांत्रिक बोलतो, कारण या रेकॉर्डचे मर्म तिथे आहे. बर्चकडे आठ ट्रॅकची, म्हणजे आठ आवाज वेगवेगळ्या खणांत नोंदवता येतील अशी, टेप होती. आज एखाद्या साध्या मैफलीतसुद्धा एकट्या तबल्याला दोन-तीन मायक्रोफोन आणि तितकेच स्वतंत्र ट्रॅक सहज मिळतात. बर्चला मात्र ड्रम्सचा अख्खा संच, बेस, ऑर्गन, गिटार, गायकाचा आवाज आणि समोरची दाद एवढे सगळे आठ खणांत बसवायचे होते. एकाच खणात दोन गोष्टी एकत्र गेल्या की त्या कायमच्या एकत्र जातात. नंतर त्यांतली एक वाढवून दुसरी कमी करता येत नाही. म्हणजे मिश्रणाचा, कुठला आवाज किती ठेवायचा याचा, बराचसा निर्णय ध्वनिमुद्रणाच्या क्षणीच, कार्यक्रम चालू असताना घ्यावा लागतो, आणि तो चुकला की चुकला.

त्यातच एका मायक्रोफोनचा आवाज दुसऱ्यात शिरण्याची, ज्याला आम्ही लीकेज म्हणतो, ती अडचण असते. याचा मला आलेला एक अनुभव सांगतो. एका गायकांनी मैफलीनंतर मला विनंती केली की, अमुक ठिकाणची तान जरा घसरली आहे, तेवढी पुन्हा गाऊन देतो, ती जोडून टाका. मी टेप लावून त्यांना फक्त हार्मोनियमचा मायक्रोफोन ऐकवला. त्यात त्यांचाच घसरलेला सूर लांबून ऐकू येत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे हार्मोनियमवाल्याने त्या घसरलेल्या तानेची अर्ध्या मात्रेने मागून इमानेइतबारे नक्कल केली होती. गायकाची चूक पुसली असती तरी साथीदाराने तिची साक्ष ठेवली होती. गायक हसले आणि म्हणाले, राहू द्या. डीप पर्पलच्या रंगमंचावर तर कानठळ्या बसवणारे आवाज होते. त्याच वर्षीच्या लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या ११७ डेसिबलच्या कार्यक्रमामुळे गिनेस बुकाने पुढे त्यांची सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद केली. इतक्या आवाजात प्रत्येक मायक्रोफोनमध्ये प्रत्येक वाद्य कमीअधिक असणारच. त्यामुळे एखादी जागा नंतर वाजवून बसवणे अवघड होते. पण अशक्य नव्हते, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या दशकात अनेकांनी ते केले. किस या अमेरिकन बँडच्या १९७५ च्या 'अलाइव्ह!' मध्ये स्टुडिओत बरीच भर घातली गेली, हे आता उघड आहे. थिन लिझी या आयरिश बँडच्या १९७८ च्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रेकॉर्डमध्ये किती भाग मागाहून वाजवला यावर निर्माता आणि बँड यांच्यात एकमत झाले नाही ते नाहीच. 'मेड इन जपान'मध्ये मात्र मागाहून काहीही वाजवले गेले नाही. जे आहे ते त्या तीन रात्रींतलेच आहे.

हा प्रामाणिकपणा तत्त्वातून आला असे मी म्हणणार नाही. मला त्यात निष्काळजीपणाचा मोठा वाटा दिसतो, आणि तो कौतुकाने दिसतो. ही रेकॉर्ड फक्त जपानात निघेल अशा समजुतीत बँड होता. दूरच्या देशात, घरच्या समीक्षकांच्या नजरेआड हे लोक वाजवत होते, आणि टेप फिरते आहे याचे भान बहुधा त्यांनी पहिल्या गाण्यानंतर सोडून दिले असावे. मिश्रणाच्या वेळीही ग्लोवर आणि पेस हे दोघेच हजर राहिले. ज्यांच्या आवाजावर आणि गिटारवर लोक जीव टाकतात ते गिलन आणि ब्लॅकमोर तिकडे फिरकलेच नाहीत. गिलन तिथे असता तर त्याने आपल्या दोन-चार जागा नक्की झाकल्या असत्या. दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत मॉनिटरबद्दल, म्हणजे वाजवणाऱ्यांना त्यांचाच आवाज ऐकवणाऱ्या रंगमंचावरच्या स्पीकरबद्दल, चाललेली कुरकुर, आणि सगळ्या गोष्टींचा आवाज बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मोठा करा ही मागणी, तीसुद्धा ग्लोवर-पेस यांनी तशीच ठेवली आहे. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला उद्देशून केलेली ती थट्टा आज या रेकॉर्डमधले सर्वांत प्रसिद्ध वाक्य होऊन बसली आहे.

'चाइल्ड इन टाइम' या गाण्याजवळ जरा थांबू. ऑर्गनवर एक साधी सुरावट हलकेच सुरू होते. ती मुंबईच्या वाटेने आली आहे, निदान नावाने तरी : इट्स अ ब्यूटिफुल डे या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' या रचनेवरून ती घेतल्याचे गिलनने पुढे मोकळेपणी सांगितले आहे. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखरच मुंबईत येऊन वाजवून गेले, तेव्हा त्या कार्यक्रमाच्या चित्रफितीला हेच नाव मिळाले. तोवर ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मॉर्स आला होता. ओसाकातल्या ध्वनिमुद्रणात गिलन पहिले कडवे जवळजवळ कुजबुजल्यासारखे म्हणतो, मग शब्द सोडून देतो आणि नुसत्या स्वरावर एकेक पायरी चढत जातो, ती शेवटी किंचाळीपर्यंत. त्यानंतर ब्लॅकमोरची गिटार येते, लय वाढत जाते, पेस डावखुऱ्या हातांनी तिला आणखी ढकलतो, आणि ऐन भरात सगळे एकदम थांबते. उरतो तो पुन्हा तोच हलका ऑर्गन. मी ख्यालावर वाढलेला माणूस असल्यामुळे याला विलंबित-द्रुत म्हणण्याचा मोह मला होतो, पण ते बरोबर नाही. ख्यालात लय वाढली की मागे येत नाही. इथे सगळी चढण उतरून माणूस पुन्हा पायथ्याशी उभा केला जातो आणि तोच चढ दुसऱ्यांदा चढवला जातो. आणि तो हलका भाग टेपवर इतका स्वच्छ आला, याचे श्रेय समोर बसलेल्यांनाही द्यायला हवे. ओसाकाच्या श्रोत्यांना कुठे गप्प राहायचे ते कळत होते.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' मध्ये गिटार आणि गळा यांचे सवाल-जवाब आहेत. ब्लॅकमोर एक तुकडा वाजवतो, गिलन तो गळ्यातून काढून दाखवतो; तुकडे लहान होत जातात, चढत जातात, आणि शेवटी गिटारने जणू वाट मोकळी करून दिल्यावर गिलन एक लांबलचक किंकाळी फोडतो. ही रेकॉर्ड हेडफोनवर ऐकाल तर ऑर्गन डाव्या कानाला आणि गिटार उजव्या कानाला सापडेल. लॉर्ड आपला ऑर्गन गिटारच्या मोठ्या अँप्लिफायरमधून वाजवत असे, त्यामुळे त्याला एक खरखरीत दाणा येतो. कान विभागून दिले नसते तर पुष्कळ ठिकाणी कोण काय वाजवतो आहे ते ओळखणे कठीण गेले असते.

आता माझ्या प्रश्नाची दुसरी बाजू. काहीही मागाहून वाजवलेले नाही हे खरे, पण ही मैफल जशीच्या तशी कुठेही झाली नाही, हेही तितकेच खरे. 'स्मोक ऑन द वॉटर' १५ तारखेचे आहे. 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोचे. बाकीची चार १६ तारखेची. मूळ तबकड्यांवर अखेरीस लोकाग्रहास्तव वाजवलेली गाणी नव्हती. मुखपृष्ठावरचे छायाचित्र तर जपानचेही नाही, ते लंडनच्या रेनबो थिएटरमधले आहे. 'मेड इन जपान' या नावातही एक गंमत होती. पाश्चात्त्य देशांत त्या पिढीच्या लहानपणी हा शिक्का स्वस्त, नकली मालाचा होता, आणि म्हणून ते नाव थोडे खवचट. आपल्याकडे मात्र ट्रान्झिस्टरच्या पाठीवर तेच तीन शब्द सापडले की शेजारीपाजारी पाहायला येत. माझ्या कॅसेटवर मित्राने बॉलपेनने लिहिलेले ते नाव पाहून आमच्या काकांनी कॅसेटच जपानी आहे असे समजून तिची किंमत विचारली होती.

१९९३ मध्ये तिन्ही रात्रींचा बहुतांश भाग तीन सीडींवर निघाला आणि २०१४ मध्ये त्याहून सविस्तर संच आला. ते लावून मी एकेका गाण्याच्या तिन्ही रात्री ओळीने ऐकल्या आहेत. माझे मत असे झाले की, ग्लोवर आणि पेस यांची निवड जवळजवळ सगळीकडे बरोबर होती. निवड करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. गवयाने सांगितलेल्या दहा बंदिशींतून आज कोणती गायची हे ठरवण्याइतकेच ते संगीताचे काम आहे. खोटे तेव्हा सुरू होते जेव्हा त्या रात्री जे कोणी वाजवलेच नाही ते त्या रात्रीचे म्हणून ऐकवले जाते. या दोहोंमधली रेषा बारीक आहे, आणि ही रेकॉर्ड तिच्या अलीकडे पाय रोवून उभी आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७२ मध्ये रेकॉर्ड इंग्लंडात निघाली, काही महिन्यांनी अमेरिकेत. 'स्मोक ऑन द वॉटर' १९७३ मध्ये अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. तोवर बँडमध्ये आतून बिनसले होते. गिलन आणि ग्लोवर बाहेर पडले, आणि या पाच जणांचा त्या पर्वातला शेवटचा कार्यक्रम २९ जून १९७३ रोजी झाला, तो पुन्हा ओसाकामध्येच.

माझ्या कॅसेटवर 'स्पेस ट्रकिन' जिथे तुटत असे तिथून पुढची दहा मिनिटे मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा नोकरीला लागलो होतो. गाणे केव्हाच संपलेले असते आणि बँड नुसता वाजवत असतो. लॉर्डने ऑर्गनला रिंग मॉड्युलेटर हे सूर बदलून टाकणारे उपकरण जोडून त्याचा धातूचे पत्रे घासल्यासारखा आवाज केलेला असतो. मग गोंगाट ओसरतो आणि ब्लॅकमोर तार छेडल्यावर करंगळीने आवाजाची कळ फिरवून सूर असा उमलवत नेतो की छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही, कुणी गज ओढतो आहे असे वाटते. ती दहा मिनिटे आता लावतो. मागच्या रांगेतल्या मंडळींना उजवीकडचा स्पीकर नीट ऐकू येत नसेल तर कृपया मध्ये येऊन बसावे.