दादा म्हणजे बहीण

नमस्कार. माइक जरा खाली घेते. शाळेत शिकवून आवाज वाढला, उंची काही वाढली नाही.

मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी 'दादा' म्हटलं. टांझानियात, दोदोमाच्या बसस्टँडवर. मी सिस्टर, मिशनच्या कामाला तिकडे गेले होते. तिकडे वडापला दालादाला म्हणतात. त्यातला कंडक्टर 'दादा, दादा' करत मला आत ढकलत होता आणि मी मागे वळून बघत होते, की कोण दादा आलाय. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. बीबी म्हणजे आजी, बाबू म्हणजे आजोबा. बाबा तेवढे बाबाच. तुम्ही हसताय, पण पहिले पंधरा दिवस मी नात्यांच्या अशा जंगलात फिरत होते, की भाऊ कुठला आणि बहीण कुठली तेच कळेना.

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, हल्याळच्या अंगाला. घरात मराठी, आजोळी कोंकणी, बसच्या पाटीवर कन्नड, कॉन्व्हेंटात इंग्रजी. त्यामुळे मला वाटायचं, भाषेचं काय एवढं, आणखी एक शिकू. आपल्याकडे भाषेवरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण बाजारात मिरची घेताना कुठल्या भाषेत घासाघीस करतोय याचा हिशेब आपण ठेवत नाही, आणि परदेशात मला उपयोगी पडलं ते हेच. आणखी एक गंमत. आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, त्यावरून पुण्यात मला फार बोलणी बसली होती. स्वाहिलीत तो आणि ती यांना एकच शब्द, क्रियापदालाही लिंग नाही. तिथे मला कुणी हसलं नाही.

आता तो प्रश्न. कार्यक्रमाआधी चहा पिताना दोघांनी विचारलाच. 'तिथे किती जणांना ख्रिस्ती केलंत?' एकालाही नाही. तिथल्या किनाऱ्यावरच्या बागामोयो गावी फ्रेंच पाद्री 1868 मध्येच आले. मी ज्या पॅरिशमध्ये होते तिथल्या बायकांना प्रार्थना माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या, आणि गळा तर विचारूच नका. मला नेमलं होतं बालवाडीवर. अ आ इ शिकवायला गेले आणि साडेतीन वर्षांच्या पोरांकडून शिकून आले. मुलं वाकून 'शिकामू' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. उत्तर द्यायचं 'माराहाबा'. पहिल्या दिवशी मीच मुलांना शिकामू म्हटलं. वर्गभर हशा. मोठ्या माणसानं पोराच्या पाया पडायचं?

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोरा साहेब येतो, घोड्यावर, हातात पुस्तक. आपल्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1820 मध्ये आले, ते इंग्रजांच्या लष्करी कॅम्पाच्या सावलीत आले, हे खरंच आहे. राज्य त्यांच्या माणसांचं होतं. पण मराठी मुलखातून आफ्रिकेत कोण गेलं, हे मला तिकडे जाईपर्यंत माहीत नव्हतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली. त्यांतले काही पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शोधाला गेले. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्या हृदयाचं दफन करताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट या नाशिकच्या विद्यार्थ्यानं. मग बाकीच्या लोकांबरोबर मृतदेह खांद्यावर घेऊन शेकडो मैल चालत बागामोयो गाठलं. पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हाही जेकब तिथे होता. बागामोयोच्या त्या जागी मी उभी राहिले तेव्हा मनात एकच आलं, हा पोरगा नाशिकात काय खात असेल? भाकरीच की!

हे मी उगाच म्हणत नाही. तिथला दिवस सगळा पाणी आणि पोट यांच्याभोवती फिरतो. दोदोमा कोरडा मुलूख. अथणीच्या पलीकडे गेल्यासारखं वाटतं, आणि द्राक्षंसुद्धा पिकतात. सावनूरच्या मठात गोरखचिंचेची अवाढव्य झाडं आहेत ना, तशी तिथे रानोमाळ उभी. नळाला पाणी येईल त्या दिवशी पहाटेची प्रार्थना थोडक्यात आटपायची आणि वीस लिटरचे पिवळे कॅन रांगेत लावायचे. माझ्या वरिष्ठ सिस्टर म्हणायच्या, देवाला थांबवता येतं, नळाला नाही. जेवायला उगाली. आपण तांदळाची उकड काढतो तशी मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर माठाची भाजी. पहिला महिनाभर माझ्या घशाखाली उतरेना. पण सकाळची उजी प्याले आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण ती नाचणीची आंबील होती, आमच्या घरचीच. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातली. आम्ही आपली म्हणून मिरवतो ती.

आणि आता महत्त्वाचं, घड्याळ. तिकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला एक वाजतो. विषुववृत्त जवळ, वर्षभर सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब बसतो. आपले जुने लोक घटका अशाच मोजायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे आठ-दहा घरांची मिळून जुमुइया असते, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. मला निरोप आला, 'सा कुमी', दहा वाजता. मी इमानदारीत सकाळी दहाला हजर. त्यांचे दहा म्हणजे दुपारचे चार.

घरात फक्त एक बीबी. अंगणात चटईवर बसून घेवडा निवडत होती, आपल्या राजम्यासारखा, त्याला महारागे म्हणतात. तिनं माझ्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि चटईवर सरकून जागा केली. मला तेव्हा वीस-पंचवीस शब्द येत होते. परत जायचं तर वडाप कुठे मिळणार ते ठाऊक नाही. बसले. थोड्या वेळानं तिनं उंगो घेतला. उंगो म्हणजे आपलं सूपच, फक्त गोल. चार वेळा पाखडून दम लागला म्हणून खाली ठेवला, तर मी उचलला.

तुम्हाला सांगते, तिथल्या लोकांना म्हिंदी, म्हणजे भारतीय, माहीत आहे तो दुकानाच्या गल्ल्यामागचा. दुकानाला शब्दही 'दुका', पैशाला 'पेसा'. म्हिंदी माणूस उन्हात बसून काम करतो हे त्यांनी फारसं पाहिलेलं नाही. मुलं मला विचारायची, सिस्टर, तुमचं दुकान कुठे आहे? आणि ही म्हिंदी पोरगी उंगो असा झटकते की फोलपाट वाऱ्यावर आणि दाणा आत. गोल सुपाला कोपरा नाही, पहिल्या झटक्याला चार दाणे सांडले, मग मनगटाला अंदाज आला. बीबी उठली, कुंपणापाशी गेली आणि शेजारणींना हाका मारायला लागली. पाचजणी आल्या. मला पुन्हा पाखडायला लावलं. मग प्रत्येकीनं आपल्या घरचं काही ना काही आणलं. मी चार वाजेपर्यंत मका, घेवडा, शेंगदाणे, सगळं पाखडलं. प्रत्येक वस्तूचं नाव त्या सांगायच्या, मी म्हणायची, त्या हसायच्या. मला येणारी स्वाहिली मी त्या सहा तासांत शिकले. बाकी चार वर्षं व्याकरण नीट करण्यात गेली.

इंग्रज पाद्री फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले, तेव्हा तिशीचे होते. त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापून आलं 1616 मध्ये. मधली 37 वर्षं! त्यांच्या ओव्यांबद्दल सगळे बोलतात. मला कुतूहल आहे ते पहिल्या वर्षाचं. सासष्टीतल्या कुठल्या म्हातारीनं त्यांना हसून 'अहो पाद्री, असं नव्हे' म्हटलं असेल?

एक दुःखाचं सांगते. तिसऱ्या वर्षी माझी आज्जी वारली. माझा पासपोर्ट राहण्याच्या परवान्यासाठी एका कार्यालयात अडकून पडलेला, महिना झाला तरी 'उद्या या'. आईनं फोनवर मातीचे आवाज ऐकवले. संध्याकाळी आमच्या दारात बायका येऊन बसल्या. डोक्यावर कांगा, म्हणजे तिथल्या बायकांचं कापड, ओढलेला, हातात मक्याचं पीठ, कोळशाची पिशवी. ती बीबी घेवडा घेऊन आली, उंग्यातच. म्हणाली, तुझी बीबी गेली तर मसीबा, म्हणजे दुखवटा, इथेच बसायचा, दुसरीकडे कुठे? दोन दिवस त्या चटयांवर बसून होत्या. 'सालामू मारीया', म्हणजे मारियेची प्रार्थना, म्हणताना मध्ये आज्जीचं नाव घ्यायच्या. जोडाक्षर जिभेवर वळेना, म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक स्वर जोडून त्यांनी ते लांबच लांब करून टाकलं. खानापूरच्या बाहेर फारसं न गेलेल्या बाईचं नाव दोदोमाच्या अंगणात.

त्या बीबीनं एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे आमच्यासारखी माणसं आहेत का? मी म्हटलं, आहेत. खानापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोक आहेत, लहानपणापासून आम्ही त्यांना बघतो. पोर्तुगीजांनी त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, ते आमची भाषा बोलतात? मी म्हटलं, नाही, कोंकणी बोलतात. ती म्हणाली, 'पोले.' कुणाला ठेच लागली, कुणी ओझं उचललं, कुणाचं माणूस गेलं, सगळ्याला तिथे हा एकच शब्द.

परत आल्यावर पहिल्याच महिन्यात आठवडी बाजारात एक सिद्दी म्हातारी मध विकत बसलेली दिसली. बाटल्या ओळीनं मांडलेल्या, बुचाला कापड. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, 'शिकामू, बीबी.'

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाली, 'काय म्हणतेस गे? मध घेतेस तर घे, नाहीतर सावली सोड.'

घेतला. दोन बाटल्या.