चहात साखर नाही

नमस्कार श्रोतेहो. घराघरात चहाचं आधण चढलं असेल. साखर जरा बेतानं घाला, कारण आजची गोष्ट साखरेवरूनच आहे. गोष्ट आहे जॅक डेव्हिस यांची. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूंगार या आदिवासी समाजाचे कवी, नाटककार आणि नट. नाव लक्षात ठेवा, जॅक डेव्हिस.

जन्म १९१७ चा, पर्थ शहरातला. बालपण यारलूप या लाकूडगिरणीच्या गावात गेलं. १९३२ साली शेती शिकवतो म्हणून जॅकला आणि त्याच्या भावाला मूर रिव्हर नावाच्या, आदिवासींना ठेवायच्या सरकारी वसाहतीत नेलं. शेती कुणी शिकवली नाही. काही महिन्यांनी पोरगा बाहेर पडला, पण ती वसाहत त्याच्या डोक्यातून गेली नाही. पुढे त्यांनी गुरं हाकली, गिरणीत राबले, आणि ब्रूकटनच्या वस्तीवर आपल्या माणसांत राहून आपली भाषा शिकले. पहिला कवितासंग्रह १९७० चा. आणि पहिलं मोठं नाटक, 'कुलार्क', १९७९ चं. म्हणजे वय बासष्ट! आपल्याकडे बासष्टाव्या वर्षी माणसाच्या गळ्यात शाल घालून त्याला खुर्चीत बसवतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या वयात माणसाकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

आता ती गोष्ट. १९८५ चा फेब्रुवारी, पर्थचा महोत्सव, नाटक 'नो शुगर'. साखर नाही! प्रयोग नेहमीच्या नाट्यगृहात नव्हता, माल्टिंग्ज नावाच्या एका जुन्या इमारतीत होता. प्रेक्षकांनी एका जागी बसून राहायचंच नाही. प्रसंग इकडे झाला की इकडे, पुढचा तिकडे असला की उठून तिकडे. नाटकातल्या माणसांना सरकार हुसकावतं, तशी प्रेक्षकांचीही जागा सारखी बदलते.

नाटकातला काळ १९२९ ते १९३४, मंदीचा. नॉर्थम गावाबाहेर मिलिमुरा कुटुंब राहतं. पोरं घरी केलेल्या बॅटनं क्रिकेट खेळतायत. आजी आणि तिची लेक रेशन घ्यायला पोलीस चौकीवर जातात. तिथं कळतं की आता साबण मिळणार नाही. का? तर साबण ही चैनीची वस्तू! श्रोतेहो, रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच माणसांना पुढे खरूज झाली म्हणून उचलतात आणि मूर रिव्हरला पाठवतात. बहुतेकांना खरूज नसतेच. गावातल्या गोऱ्यांना ती शेजारी नको असतात आणि निवडणूक जवळ आलेली असते.

मग येतो तो प्रसंग. २६ जानेवारी १९३४, ऑस्ट्रेलिया दिन. आपल्याकडेही ती तारीख मोठी, तिकडेही. पण तिथल्या आदिवासींना ती आपली जमीन गेल्याची तारीख वाटते. वसाहतीत सगळ्यांना उभं केलंय. आदिवासींचे मुख्य संरक्षक म्हणवणारे ए. ओ. नेव्हिल पाहुणे. हा काल्पनिक माणूस नाही, हे नाव सरकारी दप्तरातलं आहे. भाषण होतं. मग भजन म्हणायचं असतं, दूर देशी सुखाची भूमी आहे, अशा अर्थाचं. सूर लागतो. चाल तीच, पण शब्द बदललेले! आमच्या चहात साखर नाही, पाव-लोणी आम्हाला दिसत नाही, म्हणून तर आम्ही हळूहळू विरून चाललोय. साहेब भडकतात. जिमी नावाचा माणूस त्यांना तोंडावर जाब विचारतो, बोलता बोलता कोसळतो आणि मरतो.

चाल देवाची, शब्द भुकेचे. पोरवयात त्या वसाहतीत राहिलेल्या माणसानं पन्नासहून अधिक वर्षांनी तिथल्या साहेबाला रंगमंचावर उभं केलं आणि त्याच्या तोंडासमोर हे गाणं म्हणवून घेतलं. हे मी किती जणांना सांगितलंय याची गणती नाही, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी हे नाटक कॅनडात व्हँकूव्हरलाही गेलं.

नट म्हणूनही त्यांचं काम मोठं. 'द ड्रीमर्स' या आपल्याच नाटकात त्यांनी स्वतः वरूकाका केला. तो म्हातारा जसजसा मरणाकडे जातो, तसतसा इंग्रजी सोडून नूंगार बोलू लागतो. डेव्हिस नाटकात ही भाषा बेधडक वापरत, शब्दांचे अर्थ छापील पुस्तकात शेवटी देत. आमच्या नाटकवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी फक्त हशासाठी आणू नका. त्या भाषांत माणसं रडतातही, मरतातही.

१९८८ साली, गोऱ्या वस्तीची दोनशे वर्षं साजरी होत असताना, त्यांनी 'बरुंगिन' हे नाटक आणलं. त्याच्या शेवटी कोठडीत मेलेल्या आदिवासींची नावं वाचली जातात. डेव्हिस २००० साली गेले.

'नो शुगर'चा शेवट सांगतो आणि थांबतो. मिलिमुरांचा मुलगा ज्यो आणि त्याची बायको मेरी बाळाला घेऊन वसाहत सोडून चालत निघतात. मागे आजी उभी आहे. ती निरोपाचं गाणं म्हणते, नूंगार भाषेत.