नवतप्यातली कथा

मंडळी, हे व्याख्यान सायंकाळी साडेसातला ठेवल्याबद्दल वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे मी आधी आभार मानतो. दुपारी चारला ठेवले असते, तर ब्रह्मपुरी तालुक्यातील या अंगणात मी आणि माइक असे दोघेच उरलो असतो. आणि माझा आजचा विषयही नेमका तोच आहे: उन्हाळ्यात वाचक कुठे जातो.

आमचे कथांचे ऑनलाइन मासिक एप्रिल उतरू लागला की ओस पडते. कथा उघडणारे कमी होतात, उघडणाऱ्यांपैकी शेवटापर्यंत जाणारे त्याहून कमी, आणि अभिप्राय तर जवळजवळ थांबतातच. पहिली दोन वर्षे आम्ही संपादकांनी याचा दोष कथांना दिला. लेखकांना पत्रे धाडली, सुरुवात चटपटीत करा म्हणून सुचवले, चांगली शीर्षके बदलून भडक केली. त्या पत्रांची आज मला लाज वाटते.

मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की हवामान खाते उष्णतेची लाट आल्याचे सांगते, आणि 47 वर गेला की तीव्र लाट. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात हे आकडे कुणाला नवे वाटत नाहीत. अशा दुपारी टिनाच्या छपराखाली फोन हातात धरवत नाही. तो तापला की आपणहून पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो. त्यात वीज गेली की कूलर बंद, आणि घामेजलेले बोट पडद्यावर नीट चालत नाही ते वेगळेच. पाच हजार शब्दांची कथा या अवस्थेत वाचायला सांगणे हा संपादकाचा उद्धटपणा आहे.

यंत्रापेक्षा माणसाचा दिवस मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, मे महिना तेंदूपत्त्याचा, विडीसाठी लागणाऱ्या पानांचा. घरातील बाया-माणसे अंधार असतानाच जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पाने घेऊन परततात, दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि सायंकाळी फळीवर, म्हणजे पाने विकत घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन देतात. ज्या मोकळ्या दुपारी लोक वाचतील असे आम्ही गृहीत धरले होते, ती दुपार मोकळी नव्हतीच. आमच्या आलेखावर या बाया 'परत न आलेले वाचक' म्हणून नोंदल्या जात होत्या.

उन्हात माणूस वाचतच नाही, असेही नाही. मे 2024 च्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले, तेव्हा ती बातमी गावोगावच्या फोनवर तासाभरात पोहोचली. पुढे हवामान खात्याने तो संवेदकाचा दोष असल्याचे सांगितले. त्या उन्हाळ्यातील सर्वाधिक वाचली गेलेली काल्पनिक कथा तीच, असे आमचे सहसंपादक म्हणतात. ती दोन ओळींची होती आणि अंगाला झोंबणाऱ्या गोष्टीविषयी होती, हे आम्ही लक्षात घेतले.

खरे तर आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. झाडीपट्टीची नाटके धान घरात आल्यावर, दिवाळीनंतरच्या थंडीत रात्रभर रंगतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांत, कुणी तंबू ठोकत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा हंगामही दिवाळीचाच राहिला. बारा महिने सारखेच वाचन होईल, ही समजूत तेवढी आमची.

म्हणून या वर्षी मे महिन्यात आम्ही एकच कथा देणार आहोत, दीड हजार शब्दांच्या आतली, रात्री नऊनंतर, आणि सोबत ध्वनिमुद्रण. अंगणात बाजेवर पडून ऐकता येईल असे. दीर्घकथा मृग लागल्यावर द्यावी असा माझा बेत होता. त्यावर या वाचनालयाचे ग्रंथपाल मघाशी चहा घेताना म्हणाले, "सर, मृगात आम्ही पेरणीच्या मागे राहू, मग रोवण्या. तुमची कथा वाचणार कोण?" तेव्हा दीर्घकथा नोव्हेंबरपर्यंत थांबेल. तिच्या लेखकाला हे अजून कळवायचे आहे, आणि ते काम मी सहसंपादकांवर सोपवले आहे.