फुलटोच्या आणि बांडगूळ

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हापूसचे एखादे जुने कलम नीट न्याहाळले, तर त्याच्या पालवीत निराळ्याच हिरव्या छटेचा, जाडसर पानांचा झुबका आढळतो. हे बांडगूळ. आपले अन्न ते स्वतःच्या पानांत तयार करते. त्यासाठी लागणारे पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीतून शोषून घेते. एवढ्या उंचावर त्याचे बी रुजवणारा फुलटोच्या हा पक्षी जेमतेम ८ सेंटिमीटर लांबीचा आहे.

करड्या-तपकिरी पाठीचा, मळकट पांढऱ्या पोटाचा आणि किंचित बाकदार, फिकट गुलाबी चोचीचा हा पक्षी भारतातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक आहे. देवराईतील उंच झाडांच्या शेंड्यांवरून त्याचे ‘चिक् चिक्’ सतत कानी येते, पण तो स्वतः सहसा नजरेस पडत नाही.

बांडगुळाचे पिकलेले फळ तो अखंड गिळतो. गर पचतो आणि बी काही मिनिटांतच बाहेर येते. परंतु त्याभोवतीचा चिकट थर तसाच राहिल्याने ते अंगापासून सुटत नाही. मग हा चिमुकला जीव फांदीवर बसून आपले बूड सालीवर घासतो आणि बी तेथेच चिकटते. काही दिवसांत त्याला कोंब फुटतो व तो सालीत शिरतो. जमिनीवर पडलेले बी मात्र वायाच जाते. याचाच भाऊबंद असलेला जाड चोचीचा फुलटोच्या बी गिळत नाही. गर खाऊन तो चोचच फांदीला पुसतो.

बांडगुळाची नळीसारखी नारिंगी फुलेही पक्ष्यांवरच विसंबून असतात. तयार कळीला चोचीचा चिमटा बसला की ती उघडते आणि मध पिणाऱ्या शिंजिराला किंवा फुलटोच्याला पराग लागतात. कोकणातील हे नाते सालिम अली यांनी १९३१ मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले होते, ही आपल्या भूमीसाठी मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे.

बागायतदाराची अडचण खरी आहे, कारण बांडगुळाने वेढलेली फांदी हळूहळू वठत जाते. मात्र त्यासाठी पक्ष्याला बोल लावणे योग्य नाही. फळे पिकण्यापूर्वीच, बांडगूळ जेथे फांदीत शिरले आहे त्याच्या थोडे खालून ती फांदी छाटली, तर त्या कलमावरून नवे बी पसरत नाही. देवराईतील बांडगूळ मात्र फुलटोच्यासाठी राखून ठेवावे.