कणकुंबीचं पाणी आणि देशाचं मासिक

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो,

आपल्या मातीची आणि माणसांची ओळख करून देणारं भूगोलाचं एक मासिक आपल्याकडेही असावं, असं मला वाटतं. ते कसं असावं, यावर आज बोलतो.

कॅनडातल्या भूगोलाच्या एका मासिकानं 2015 साली वाचकांना विचारलं, आपल्या देशाला राष्ट्रीय पक्षी नाही, तर तो कोणता असावा? मासिकाचं नाव 'कॅनेडियन जिओग्राफिक'. तिथल्या रॉयल कॅनेडियन जिऑग्राफिकल सोसायटीचं हे मासिक. सोसायटी 1929 ची, मासिक 1930 पासूनचं. लोकांनी भरभरून मतं दिली. सगळ्यांत जास्त मतं पडली लून नावाच्या पाणपक्ष्याला, त्याच्याखालोखाल हिमघुबडाला. सोसायटीनं 2016 मध्ये निवड जाहीर केली ती मात्र तिसऱ्या नंबरच्या पक्ष्याची. ग्रे जे. करड्या रंगाचा, कावळ्याच्या कुळातला, दिसायला साधा पक्षी.

त्याची कारणं ऐकण्यासारखी आहेत. लून आधीच ऑंटॅरिओ प्रांताचा पक्षी, घुबड क्वेबेकचं. शिवाय थंडी पडली की लून समुद्राकडे निघून जातो. हा करडा पक्षी जागा सोडत नाही. उन्हाळ्यात मिळेल तो दाणा, फळ, किडा तो आपल्या चिकट लाळेनं झाडाच्या सालीत चिकटवून ठेवतो, त्या साठ्यावर अख्खा हिवाळा काढतो, आणि भोवती बर्फ असतानाच घरटं बांधून अंडी घालतो. देशाच्या सगळ्या प्रांतांत तो सापडतो. लोक त्याला 'व्हिस्की जॅक' म्हणतात. या नावाचा दारूशी काही संबंध नाही. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी क्री लोकांच्या गोष्टींत विसाकेजाक नावाचं एक खोडकर पात्र आहे, त्या नावाचा गोऱ्या लोकांच्या तोंडी झालेला हा अपभ्रंश. सरकारनं तेव्हा या निवडीवर शिक्का मारला नाही, पण त्या निमित्तानं शाळाशाळांतून, घराघरांतून वाद झाले, आणि आपल्या परसात येणाऱ्या पाखराकडे लोकांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं.

आपल्या देशाचा गौरव करायचा म्हणजे एखादं मासिक नेमकं काय करतं, हे मला या गोष्टीत सापडलं. मासिकानं देशाची स्तुती केली नाही. एक पाखरू उचललं, ते काय खातं, कुठं झोपतं, त्याला कोण कुठल्या नावानं हाक मारतं ते सांगितलं. थंडी, जंगल आणि एका जुन्या भाषेतला एक शब्द, सगळं त्या पाखराबरोबर आपोआप आलं.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. 'मलप्रभा नदीचा उगम कणकुंबी येथे होतो' हे वाक्य मी किती पोरांना पाठ करायला लावलं असेल त्याची गणती नाही. कणकुंबी इथून जांबोटीमार्गे दीड तासावर, आणि तरी तिथं मुलांना घेऊन जायला मला नोकरीची अकरा वर्षं गेली. याचं मला अजून वाईट वाटतं.

गेलो तेव्हा जुलै होता. माउलीच्या देवळापाशी बस थांबली. पाऊस असा की समोरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. एक आजी डोक्यावरून इरलं घेऊन, कमरेत वाकून भाताची रोपं लावत होत्या. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री घेऊन रोप लावता येत नाही, हे मुलांना एका क्षणात कळलं. एका पोरानं विचारलं, "आजी, हे पाणी कुठं जातं?" आजींनी चिखलाचा हात उगवतीकडे केला, "ह्ये देशाला जातंय की," मग मावळतीकडे केला, "आणि पलीकडचं गोव्याला."

माझ्या पुस्तकात जलविभाजकाची व्याख्या साडेतीन ओळींची होती. आजींनी ती दोन हातांत सांगितली.

आणि सांगितली ती बरोबर. कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे 790 मीटरवर आहे. तिथून निघालेली मलप्रभा खानापूरवरून पूर्वेला जाते, सौंदत्तीच्या रेणुकासागर धरणात थांबते, पुढे बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात पोचते. तिच्या शेजारच्याच डोंगरांतून, भीमगडच्या जंगलातून म्हादई निघते. ती पश्चिमेला कडा उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगातले दोन थेंब खानापूर तालुक्यात पडतात आणि त्यांचे समुद्र वेगळे होतात. सीमा हा शब्द आपण बेळगावकर जन्मापासून ऐकतो. पाण्याची ही सीमा मात्र आपल्या घरात कुणी बोलून दाखवत नाही.

आता हेच पाणी धरून पूर्वेला चला. कणकुंबी ते सौंदत्ती हे अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आतलं. तेवढ्यात पावसाचं मान किती पटींनी उतरतं! खानापूर तालुक्यात घरांना उतरती छपरं, वर तांबडी कौलं. ती कौलं करायला लागणारी चिकट माती तिथलीच, म्हणून कौलांचे कारखानेही तिथलेच. बेळगाव ओलांडून बैलहोंगलकडे निघालात की माती काळी होते, छपरं सपाट होऊ लागतात आणि माळवदाची घरं दिसतात. भात मागं पडतो, ज्वारी आणि कापूस सुरू होतो. ताटात भाताची जागा ज्वारीची भाकरी घेते. याच वाटेवर मराठी विरळ होत जाते आणि कन्नड दाट होते, पण कुठल्याही एका गावात तुम्हाला रेघ सापडणार नाही. मराठी घरात कन्नड शब्द आणि कन्नड घरात मराठी शब्द असं ते एकमेकांत मुरलेलं आहे. पाऊस, छप्पर, ताट आणि जीभ या चारही गोष्टी एका नदीच्या काठानं बदलत जातात. देशाच्या मासिकाचा एक अख्खा अंक यावर भरेल.

असा अंक निघू शकतो का, तर निघालेला आहे. चीनमध्ये 'चायनीज नॅशनल जिओग्राफी' नावाचं मासिक आहे, 1950 मध्ये वेगळ्या नावानं सुरू झालेलं. 2006 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या 318 क्रमांकाच्या महामार्गावर विशेष अंक काढला. शांघायहून निघून तिबेटमधून नेपाळच्या हद्दीपर्यंत जाणारा रस्ता, पाच हजार किलोमीटरहून लांब. मैदान, नद्यांची खोरी, बर्फाचे डोंगर, पठार, सगळं त्या एका डांबरी पट्टीवर. मला लगेच आपला पुणे-बंगळूर रस्ता आठवला. निपाणीच्या तंबाखूचा उग्र वास, संकेश्वरच्या बाजूचा ऊस, वंटमुरीचा घाट, राणी चन्नम्मांचं जन्मगाव काकती, मग बेळगाव, हिरेबागेवाडी आणि चन्नम्मांचंच कित्तूर. रोज हजारो गाड्या त्यावरून धावतात. थांबून पाहणारा हवा.

भूगोलाच्या मासिकांची थोरली म्हणजे अमेरिकेची 'नॅशनल जिओग्राफिक'. तिचा पहिला अंक ऑक्टोबर 1888 चा. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, म्हणून हे साल माझ्या पक्कं लक्षात राहिलं. या मासिकानं जगाला फोटोतून जग दाखवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण एप्रिल 2018 मध्ये त्यांनी वंश या विषयावर अंक काढला, आणि संपादिका सुझन गोल्डबर्ग यांनी स्पष्ट लिहिलं की अनेक दशकं आमचं लिखाण वर्णद्वेषी होतं. त्यांनी जॉन एडविन मेसन या इतिहासकाराला जुने अंक तपासायला बसवलं होतं. दूरच्या देशांतली माणसं उघडीवाघडी, नाचणारी, कॅमेऱ्याकडे आश्चर्यानं बघणारी अशी दाखवली गेली. त्यांचे कारखाने, शाळा, वादविवाद दिसले नाहीत. स्वतःच्या घरातली चूक अशी मुखपृष्ठाआड न दडवता सांगणं याला मी मोठेपणा मानतो.

बाहेरच्यानं आपल्याकडे पाहण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. बेळगाव जिल्ह्याचं एक मोठं वर्णन 1884 साली छापलं गेलं, इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथाचा, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड. जमिनी, पिकं, जाती, देवळं, बाजार, सगळं त्यात आहे. मी तो खंड अनेकदा चाळला आहे, त्याची मेहनत अफाट आहे. पण राज्य चालवणाऱ्याला जे हवं होतं ते त्यात आधी येतं. इरल्यात पाठीला ऊब कशी लागते, हे त्याच्या कामाचं नव्हतं.

आता एक जीव सांगतो, ज्याच्यासाठी मी आज इथं उभा राहायला कबूल झालो. भीमगडच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. त्यांत एक वटवाघूळ राहतं. मोठे, पुढं झुकलेले कान, आणि शेपटी मागच्या पायांमधल्या पडद्याबाहेर मोकळी. शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सस्तन प्राण्यांची जी पाहणी हाती घेतली होती, त्या काळात ते सापडलं आणि 1913 मध्ये ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढची कित्येक दशकं हे वटवाघूळ सगळ्या जगात फक्त खानापूर तालुक्यातल्या या गुहांतच माहीत होतं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं.

आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? मी हात वर करायला सांगणार नाही. मलाच पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. कॅनडाच्या माणसाला त्याचा करडा पक्षी मासिकानं दाखवला. खानापूरच्या पोराला हे वटवाघूळ कुणी दाखवायचं? गुहेत नेऊन नव्हे, तिथं गर्दी झाली तर ते जीव उठून जातील. चांगल्या फोटोंनी, चांगल्या मराठीत आणि चांगल्या कन्नडमध्ये दाखवायचं.

निसर्ग एवढ्यावर थांबत नाही, तो हातात येतो. या गावाचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं, बांबूचं गाव. तो बांबू बुरुडाच्या हातात सूप होतो, रोवळी होते, कणगी होते. तसेच मांडे. इतरांनी मनात खायचे, आपल्याकडे ते लग्नाच्या रुखवतात येतात. करणाऱ्या बाईंचे हात मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. सैलसर, तेलानं मऊ केलेला कणकेचा गोळा त्या दोन्ही पंज्यांवर घ्यायच्या, हात गोल फिरत राहायचे आणि गोळा मनगटावरून कोपरापर्यंत उतरायचा. इतका पातळ की खालची बांगडी दिसायची. मग एका झोक्यात तो उपड्या कढईवर. खाली धग. वर पिठीसाखर आणि खसखस भुरभुरायची, आणि कडक व्हायच्या आत चौकोनी घडी. अर्धा मिनिट उशीर झाला तर घडी मोडली. त्या बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण उष्णतेचं गणित त्यांच्या बोटांत होतं. देशाच्या मासिकात मांड्यांचा फोटो येईल तेव्हा ताटातला मांडा येऊ नये, तो कोपरावरचा यावा, असं मला फार वाटतं.

मासिक कुणी काढायचं, पैसे कुठून येणार, हे प्रश्न खरे आहेत, ते समितीच्या बैठकीत घेऊ. ऑस्ट्रेलियात 1986 मध्ये डिक स्मिथ या इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापाऱ्यानं 'ऑस्ट्रेलियन जिओग्राफिक' सुरू केलं, एवढं सांगून ठेवतो. भाषेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. पहिलं पान मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं, अनुवाद म्हणून नव्हे, दोघांनी आपापलं लिहिलेलं. कॅनडाच्या सोसायटीनं 2018 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांचा चार खंडांचा ॲटलास काढला, तो त्या त्या समाजातल्या लोकांना बरोबर घेऊन. नदीचं नाव काय हे काठावरच्या माणसाला विचारायचं असतं. म्हादई आणि मांडवी ही एकाच पाण्याची दोन नावं आहेत, दोन्ही छापली पाहिजेत.

आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी एक छोटं काम ठरवलं आहे. येत्या आषाढात एक आठवडा कणकुंबी, जांबोटी, खानापूर, बेळगाव, बैलहोंगल आणि सौंदत्ती इथल्या शाळांत मुलं पाऊस मोजतील. मराठी शाळाही आहेत, कन्नडही. बाजारातलं पर्जन्यमापक मिळालं तर उत्तम, नाहीतर सरळ बाजूची प्लॅस्टिकची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून, पट्टी चिकटवून करायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपणही साडेआठलाच मोजायचा, सगळीकडे त्याच मिनिटाला. आकड्याबरोबर प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या: आज घरात काय शिजलं, आणि अंगावर पाऊस झेलायला काय घेतलं. छत्री, घोंगडं, पोतं की इरलं.

कणकुंबीला मी स्वतः असेन. रविवारी सकाळची बस धरायची आहे. ज्यांना यायचंय त्यांनी दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव लिहून जावं. वहीशेजारी बाटल्या ठेवल्या आहेत, प्रत्येकानं एक न्यावी. पट्टी घरी चिकटवा, शून्य बरोबर तळाला येईल असं बघा.