कानातला शंख घडताना

(दृश्य: उंदराचा साडेआठ दिवसांचा गर्भ, सूक्ष्मदर्शकाखाली)

पश्चमेंदूला, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला लागून, बाहेरच्या थरात जरा जाड झालेला हा ठिपका पाहा. आतला कान इथून सुरू होतो. एफजीएफ-3 आणि एफजीएफ-10 या प्रथिनांचा निरोप मिळाला की इथल्या पेशींत पॅक्स-2 जनुक जागं होतं. दिवसभरात ठिपका खचतो, त्याची वाटी होते, वाटीचं तोंड मिटून बंद पिशवी तयार होते.

पिशवीच्या वरच्या अंगाला विंट प्रथिनं पोचतात. तिथे तोल सांभाळणाऱ्या नलिका घडतात. खालून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन येतं आणि ऐकण्याचा अवयव, शंखासारखी कॉक्लिया, वाढू लागते. हेजहॉगच नसेल, तर कॉक्लिया होतच नाही.

(दृश्य: उलगडलेली कॉक्लिया, टोक डावीकडे, बूड उजवीकडे)

आता खरी गंमत. पेशींचं विभाजन आधी टोकाला थांबतं, साधारण बाराव्या दिवशी, आणि चौदाव्यापर्यंत बुडाशी. केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मात्र उलट्या दिशेनं, बुडाकडून टोकाकडे तयार होत जातात. म्हणजे टोकाच्या पेशी विभाजन थांबवूनही काही दिवस ताटकळतात. त्यांना थोपवून धरतं ते शेजारच्या चेतापेशींतून येणारं हेजहॉग. तेवढंच काढून टाकलं, तर टोकाच्या पेशी घाईनं केशपेशी होतात आणि कॉक्लिया आखूड राहते. खर्जातले स्वर ऐकायचे असतात ते याच टोकाला!

(दृश्य: केशपेशींच्या रांगा, जवळून)

केशपेशी व्हायला एटोह-1 जनुक हवंच. 1999 मध्ये ते काढलेल्या उंदरांत एकही केशपेशी आढळली नाही. पण सगळ्याच पेशी केशपेशी झाल्या तर त्यांना आधार कोण देणार? म्हणून केशपेशी होऊ लागलेली पेशी नॉच नावाच्या, शेजारच्या पेशीला निरोप देणाऱ्या यंत्रणेतून शेजारणीचं एटोह-1 दाबते. त्यातून आत एक रांग, बाहेर तीन, अशी मांडणी उमटते. या यंत्रणेतलं जॅग्ड-2 हे प्रथिन नसलं, की आतली रांग दुहेरी दिसू लागते.

(दृश्य: बाळाच्या कानाचा सीटी स्कॅन)

माणसात एफजीएफ-3 च्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर आतला कानच अनेकदा तयार होत नाही. अशा बाळाला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कॉक्लियात बसवून श्रवणचेतेला विजेचे संकेत देणारं उपकरण, बसवायला जागाच नसते. म्हणून शस्त्रक्रियेआधी सीटीवर कॉक्लियाचा आकार आणि एमआरआयवर श्रवणचेता, दोन्ही पाहावं लागतं.