दाराचं तिकीट, पाळण्याचं तिकीट

(दृश्य : सकाळचा कोवळा उजेड. रुळांवरून धावणारी रिकामी गाडी.)

पार्कचं दार उघडायला अजून बराच वेळ आहे. रोलरकोस्टर मात्र सुरू झाला आहे. गाडीत कुणी नाही. रोज सकाळी माणसं बसण्याआधी ती अशी रिकामी फिरवतात.

हे कामगार आता प्रत्येक खुर्चीशी थांबतील. खांद्यावर येणारा दांडा हाताने खाली ओढायचा, मग जोर लावून वर ढकलून बघायचा. हलला नाही की पुढची खुर्ची.

(दृश्य : साखळी, चाकं जवळून.)

या गाडीला स्वतःचं इंजिन नाही. खाली एक साखळी आहे, ती गाडीला चढावर ओढून नेते. चढताना जो टक्‌टक्‌ आवाज येतो, ज्याने पोटात गोळा येतो, तो दातेरी पट्टीवर पडणाऱ्या अडकणीचा असतो. मध्येच साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून ती सोय. एकदा माथा ओलांडला की साखळीचं काम संपतं. पुढची सगळी धाव, सगळी वळणं, उलटं होणं, हे फक्त उंचीच्या जोरावर. म्हणून पहिला चढ बहुतेक वेळा सर्वांत उंच.

चाकं बघा. रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खालून एक. गाडी उलटी झाली तरी रूळ सुटत नाही, ते या तिसऱ्या चाकामुळे. सगळा मार्ग तुकड्यांत वाटलेला असतो. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी ब्रेकवरून सुटत नाही.

हे इतकं तपशिलात सांगायचं कारण आहे. पार्क महाग का, असं विचारताना आपण बहुतेक वेळा थेट मालकाच्या नफ्याकडे बोट दाखवतो. आधी हे लोखंड बघायला हवं.

(दृश्य : खोपोली-पाली रस्ता, डोंगर, दूरवर दिसणारे रूळ.)

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. सिनेमाच्या फिल्म धुणाऱ्या ॲडलॅब्जपासून सुरुवात केलेला हा माणूस. इथला नायट्रो हा कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा. उंची सुमारे ४० मीटर, आणि बसल्यावर पायाखालची जमीनच काढून घेतली जाते. सगळ्या पार्कला दीड हजार कोटींच्या वर खर्च आला. त्यात कर्ज मोठं होतं. ते कर्ज कंपनीला पेलवलं नाही आणि २०२२ मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. म्हणजे तिकीट महाग असूनही हा धंदा सोपा नाही. पावसाळ्यातली गर्दी वेगळी, परीक्षांच्या दिवसांत शुकशुकाट. यंत्रांची देखभाल आणि माणसांचे पगार मात्र बाराही महिने.

त्यावर कर. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के लागला. २५ जानेवारी २०१८पासून तो १८ टक्के झाला.

(दृश्य : पिंपरी, वल्लभनगर एसटी आगार. फलाटावर चौघांचं कुटुंब.)

हे कुटुंब पिंपरी-चिंचवडचं आहे. बाबा भोसरी एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. आई घरी शिकवण्या घेते. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. आज ते एका मोठ्या पार्कला निघाले आहेत. पार्कचं नाव आम्ही घेत नाही. आम्हाला पडलेला प्रश्न एकट्या त्या पार्कचा नाही.

एसटीत कंडक्टर तिकिटं फाडतो आहे, नीट बघा. बाबांचं पूर्ण. आईचं अर्धं, कारण मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. मुलांची अर्धी, पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट हा जुनाच नियम. चार माणसं, अडीच तिकिटं.

(दृश्य : पार्कचं प्रवेशद्वार. भिंतीवर रंगवलेली उंचीची पट्टी. मुलगा पाठ टेकून उभा.)

आणि इथे?

थीम पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी मुलांचं वय विचारत नाहीत, उंची मोजतात. राइडवर कोण सुरक्षित बसू शकतं हे उंचीवर ठरतं, त्यात काही चूक नाही. पण त्याच पट्टीवर तिकिटाचा दरही ठरतो. मुलगा गेल्या वर्षभरात भराभर वाढला आहे. पट्टीच्या वर डोकं गेलं. तो खूश आहे, कारण आता त्याला मोठ्या कोस्टरवर बसता येणार.

आईकडे बघा.

(काही क्षण निवेदन नाही.)

चार माणसं, तीन पूर्ण तिकिटं आणि एक मुलांचं. मोठ्यांचं दीड हजार, मुलांचं बाराशे. ५ हजार ७०० रुपये. यातले सुमारे ८७० रुपये कराचे.

(दृश्य : आईची वही. निळ्या शाईतले आकडे.)

ही वही आईने आम्हाला स्वतःहून दाखवली. पहिल्या पानावर भिशीचा हिशोब आहे. चाळीतल्या दहा जणी, महिन्याला हजार रुपये. तिचा नंबर एप्रिलमध्ये लागला, दहा हजार हातात आले. त्या दिवशी मुलांना सांगितलं, यंदा जायचं. त्याआधी दोन सुट्ट्यांमध्ये ‘पुढच्या वर्षी’ झालं होतं.

खाली खर्च. तिकिटं ५ हजार ७००. एसटी आणि पुढची रिक्षा, जाऊन येऊन, १ हजार १५०. लॉकर २००. पाण्यात उतरायला सुती कपडे चालत नाहीत, म्हणून भाड्याचे नायलॉनचे कपडे, ४००. जेवण दीड हजार. ‘फोटो’ असं लिहून पुढे रेघ मारली आहे. राइडवर कॅमेऱ्याने आपोआप टिपलेला तो फोटो. मुलांनी काचेतून बघितला, घेतला नाही.

एकूण ८ हजार ९५०.

बाबांच्या हातात महिन्याला ४२ हजार येतात. घराचा हप्ता १५ हजार. उरले २७. त्याचा तिसरा हिस्सा एका दिवसात गेला. आणि ही एका दिवसाची गोष्ट आहे, मुक्कामाची नाही. सहलीच्या जाहिरातींत दोन रात्रींचं हॉटेल, सकाळचा नाश्ता, दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क असं सगळं असतं. मुलीने विचारलं होतं, आपण राहणार का? वहीत त्याचं पान नाही.

(दृश्य : खाद्यपदार्थांची दुकानं. पाण्याच्या नळाशी बाटली भरणारे बाबा.)

घरून आणलेला डबा दाराशीच राहिला. मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपल्याकडे सहल म्हणजे डबा. पुरीभाजी, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, वरून चिवडा. मध्यमवर्गाची सहल परवडायची ती डब्यामुळे. डबा काढून घेतला की हिशोब दुसऱ्याच्या हातात जातो.

(दृश्य : कोस्टर. मुलगा आणि बाबा पहिल्या रांगेत. चढाची टक्‌टक्‌. माथा.)

(इथे निवेदन नको. मूळ आवाज पूर्ण चालू द्यावा.)

(दृश्य : घर. आजी खिडकीशी.)

आजी आल्या नव्हत्या. वय ७६. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, म्हणजे जाण्यायेण्याचा त्यांचा एक रुपया लागला नसता. राइडवर त्या बसणारच नव्हत्या. नातवंडांना हसताना बघायचं, बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या, एवढंच. पण आईने आधीच पार्कला विचारलं होतं : नुसतं आत यायचं तिकीट आहे का? नाही. ज्येष्ठांना थोडी सवलत आहे, पण तिकीट सगळ्या राइडचंच घ्यावं लागतं.

आमचं म्हणणं इथून सुरू होतं.

(दृश्य : मावळातल्या एका गावची जत्रा. संध्याकाळ. दिवे लागलेला आकाशपाळणा.)

जत्रेला दार नसतं. कुणीही या. आजी या, तान्हं बाळ या. पैसे द्यायचे ते पाळण्यात बसायच्या वेळी. आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगन, लहानांचा मिकीमाऊस. खिशात शंभर असतील तर शंभराची जत्रा, पाचशे असतील तर पाचशेची. एका पोराने तीनदा पाळणा घेतला आणि दुसऱ्याने नुसती भेळ खाल्ली, तरी दोघंही जत्रेला गेले. या पाळण्यांच्या सुरक्षेचा प्रश्न गंभीर आहे, त्याची तपासणी कडक हवी. पण पैसे घेण्याची ही रीत माणसाला ओळखून बनली आहे.

मोठी पार्कंसुद्धा याच रीतीने सुरू झाली होती. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली उघडलं तेव्हा दाराचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक राइडचं वेगळं होतं. पुढे कुपनांची पुस्तकं आली. लहान राइडला स्वस्त कुपन, मोठीला महाग. ही पद्धत १९८२मध्ये बंद झाली आणि एकच तिकीट आलं, सगळ्या राइडचं. पार्कला ते सोयीचं. आत जागोजागी तिकीट फाडायला माणूस लागत नाही, दिवसाचं उत्पन्न दारातच ठरतं. दिवसभर राइड घेणाऱ्या तरुण मुलांनाही ते परवडतं, कारण जितक्या जास्त राइड तितका प्रत्येकीचा भाव कमी.

तोटा होतो तो कुटुंबाचा. कारण कुटुंबात सगळे सारखे नसतात. एक आजी असते. एकीला उलट्या होतात. एकाला उंचीची भीती असते. एक सात वर्षांची मुलगी असते, जिची उंची निम्म्या राइडना पुरत नाही. एकच तिकीट या सगळ्यांकडून जवळपास सारखेच पैसे घेतं.

(दृश्य : निगडी, दुर्गा टेकडीचा परिसर, अप्पूघर.)

अप्पूघर हे नाव आपल्याकडे आलं दिल्लीहून. १९८२च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह अप्पू हत्ती. त्याच्या नावाने दिल्लीत प्रगती मैदानात १९ नोव्हेंबर १९८४ला अप्पूघर उघडलं. ते २००८मध्ये बंद झालं. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९मध्ये आलं, शेजारचं वॉटर किंगडम १९९८मध्ये. त्या काळात मुंबईच्या शाळांत सहल म्हटलं की पोरं गोराईच्या बोटीचंच नाव घ्यायची. आजही मध्यमवर्गातली पुष्कळ मुलं मोठं पार्क पहिल्यांदा बघतात ती शाळेच्या सहलीतून, गटाच्या कमी दरात. मुलं जातात. आईबाबा दारापर्यंतसुद्धा जात नाहीत.

(दृश्य : पुणे, पेशवे पार्क. फुलराणी. डब्यात दाटीवाटीने बसलेली मुलं.)

ही फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी. १९५६पासून पुण्यात धावते आहे. महापालिकेची गाडी. बागेतून एक फेरी मारते, बस्स. पुण्यात एकाच घरातल्या तीन पिढ्या या डब्यात बसल्या आहेत. बाहेर कठड्याशी उभ्या असलेल्या या आज्यांना कुणी राइडचं तिकीट विचारत नाही.

(आजी हात हलवतात. गाडी वळणाआड जाते. शिट्टी.)

महापालिकांनी हे काम पुन्हा हातात घ्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. चाळीस मीटरचा कोस्टर त्यांच्याकडून कुणी मागत नाही. बागेतली गाडी, झोपाळे, पाण्याचे उथळ हौद, चांगली देखभाल आणि डबा उघडायला सावली. खाजगी पार्कांनी दाराचं तिकीट आणि राइडचं तिकीट पुन्हा वेगळं करून बघावं. निदान आठवड्याचे कामाचे दिवस घ्या, जेव्हा पार्क तसंही अर्धं रिकामं असतं. आणि राइडवर न बसणाऱ्या आजीआजोबांसाठी नाममात्र प्रवेश ठेवा. ते आत आले की चहा पितात, नातवंडांना आइस्क्रीम घेऊन देतात. यात पार्कचं नुकसान आम्हाला दिसत नाही.

(दृश्य : भायखळा, राणीची बाग. तिकीट खिडकीवरचा फलक.)

कुटुंबाचं तिकीट कसं असावं याचा नमुना मुंबई महापालिकेने घालून दिला आहे. राणीच्या बागेत पूर्वी मोठ्यांना ५ आणि मुलांना २ रुपये लागत. पेंग्विन आल्यानंतर, ऑगस्ट २०१७पासून, दर मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ झाला. ही वाढ बरीच होती, विरोधही झाला. पण त्याच वेळी एक वेगळं तिकीट ठेवलं गेलं. आई, वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये. चौघं म्हणजे एक कुटुंब, हे तिकिटावर छापलं गेलं. अशी तिकिटं आणखी कुठे आहेत, शोधून बघा.

(दृश्य : पुन्हा पिंपरीचं घर. जेवणं झाली आहेत. मुलगी जमिनीवर चित्र काढते आहे.)

उन्हाळ्यातल्या त्या एका दिवसानंतर जूनमध्ये वह्या आणि दप्तरं उधारीवर आली. ऑगस्टपर्यंत फिटली.

दिवाळीत बोनस झाला की भायखळ्याला जायचं ठरलं आहे. या वेळी पाचही जण. चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस, दादरला उतरून लोकल. बाबा तिकिटांची चौकशी करून आले. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, त्यामुळे आजींचं पूर्ण तिकीट पडेल. मुलगा अकरा वर्षांचा आहे, पण आरक्षणात स्वतंत्र जागा घेतली तर त्याचंही पूर्ण, २०१६पासून तसा नियम आहे. म्हणून साध्या डब्यातून जायचं आणि दोघा मुलांची अर्धी काढायची, असं आईने ठरवलं. डबा घरचा. बुधवारी राणीची बाग बंद असते, तेव्हा मंगळवार धरला आहे.